लुळे पडलेले, आंधळे, फिट्स येणारे रेस्क्यू प्राणी मुंबईतल्या घरात कसे सांभाळता? (अनुभव आणि माहिती)

भांडुपकरीण

नमस्कार मंडळी. इथे अधूनमधून कोणी ना कोणी विचारतं की गाडीखाली आलेलं कुत्रं मिळालंय, मागचे पाय गेलेत, आता काय करू. उत्तरं येतात पण वेगवेगळ्या धाग्यांवर विखुरलेली, ऐनवेळी सापडत नाहीत. म्हणून सगळं एका जागी राहावं यासाठी हा धागा.

आमच्याकडे दोघं आहेत. बंड्या, एलबीएस रोडवर टेम्पोने उडवलेला इंडी (रस्त्यावरचा देशी कुत्रा), कमरेखाली पूर्ण लुळा. आणि सुंदरी, म्हातारी, दोन्ही डोळ्यांनी आंधळी. घर वन बीएचके, मी आणि नवरा दोघंही नोकरीला, सासूबाई घरी.

मला कोणी विचारलं ना की असा प्राणी घेऊ का, तर मी आधी एकच विचारते, दुपारी दोन वाजता घरी कोण असतं? कारण लुळ्या कुत्र्याला बहुतेक वेळा स्वतःची शू स्वतः करता येत नाही. लघवीची पिशवी भरत राहते आणि आपण दाबून काढायची असते, दिवसातून तीन-चार वेळा, रोज, गणपतीतपण आणि ट्रेन बंद पडतात त्या दिवशीपण. मुंबईत सकाळी आठला निघालेला माणूस रात्री आठला उगवतो, बारा तास पिशवी तुंबली तर इन्फेक्शन होतं, पिशवी ताणून ताणून सैल पडते, किडनीपर्यंत जातं प्रकरण. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की प्रेम, पैसा, जागा हे सगळं नंतर, आधी दुसरा माणूस हवा ज्याला हे काम येतं. नुसता "गरज पडली तर सांग गं" म्हणणारा नको, हाताने शिकलेला हवा. आमच्याकडे सासूबाई शिकल्या, आणि त्यांना गावाला जायचं असेल तर खालच्या मजल्यावरची कॉलेजातली मुलगी येते, तिलाही व्हेटकडे नेऊन शिकवून आणलंय.

शू कशी काढायची ते वाचून करू नका, व्हेटकडून एकदा समोर शिकून घ्या. तरी अंदाज यावा म्हणून सांगते. कुत्रं उभं धरून किंवा एका कुशीवर झोपवून, मागच्या मांड्यांच्या थोडं पुढे पोटात बोटांना पाणी भरलेल्या फुग्यासारखं लागतं. दोन्ही बाजूंनी पंजे सपाट ठेवून हळूहळू, सलग दाब द्यायचा, शेपटीच्या दिशेने. टोचायचं नाही, झटका द्यायचा नाही. धार सुरू झाली की तसाच दाब धरून ठेवायचा. जोर लावूनही येत नसेल तर थांबायचं आणि डॉक्टरला फोन करायचा, काही प्राण्यांत मणक्याची इजा अशा जागी असते की शूचं तोंड घट्ट आवळलेलं राहतं आणि औषध दिल्याशिवाय ते सुटत नाही. उलट काहींची आपोआप गळत राहते. पण गळतेय म्हणजे पिशवी रिकामी होतेय असं धरू नका, तुडुंब भरून वरचं वर सांडत असतं कधीकधी.

शू गढूळ दिसली, नेहमीपेक्षा घाण वास आला, रक्ताची छटा दिसली, कुत्रं जेवेना झालं, तर लगेच तपासणी. आणि शक्य असेल तर आधी लघवीचं कल्चर (कुठले जंतू आहेत ती तपासणी) करून मग अँटिबायोटिक. या प्राण्यांना इन्फेक्शन परत परत होतं, दर वेळी अंदाजाने गोळी दिली तर एक दिवस असा येतो की कुठलीच गोळी लागू पडत नाही.

दुसरं म्हणजे जखमा. बसून बसून कुल्ल्याच्या हाडांवर, गुडघ्यांवर कातडी जाते. गादी जाड हवी, दर तीन-चार तासांनी कूस बदलायची. घरात घसटत फिरतात त्यामुळे पायांची सालटं निघतात. त्यासाठी ड्रॅग बॅग मिळते, मागचं अंग त्यात घालायचं. आम्ही धारावीत बॅगा शिवणाऱ्या एका कारागिराकडून रेक्झिनची शिवून घेतली, आतून मऊ कापड, वरून पट्टा खांद्यावरून छातीला. त्याने बंड्याला समोर बसवून माप घेतलं. काम इतकं मन लावून केलं की तीच बॅग अजून चालू आहे.

आणि एक अगदी महत्त्वाचं. शूने कातडी लाल झाली की आपण सवयीने लहान बाळाचं रॅश क्रीम लावतो. त्यातल्या बऱ्याच क्रीममध्ये झिंक ऑक्साइड असतं, कुत्रं ते चाटतं आणि झिंक पोटात जाणं त्यांच्यासाठी विषारी आहे. डॉक्टरला विचारूनच लावा. आम्ही कोमट पाण्याने धुतो, पूर्ण कोरडं करतो, तिथले केस बारीक कापलेले ठेवतो, बस.

पावसाळ्याचं वेगळं लिहायला हवं. जुलैत काहीच वाळत नाही, गादीची खोळ दोन दिवस दमट, आणि ओल राहिली की बुरशी आलीच. आम्ही रबर शीट, त्यावर जुन्या कॉटनच्या साड्यांचे तुकडे असं करतो, साडी पंख्याखाली पटकन वाळते, वरून इस्त्री फिरवायची. डायपर लहान मुलांचेच, शेपटीला भोक पाडून. पण डायपर चोवीस तास नको, मोकळी हवा लागतेच.

सुंदरीबद्दल थोडक्यात. आंधळ्या कुत्र्याला लहान घर फार सोयीचं असतं. सोफा, टेबल, पाण्याचं भांडं एका जागी ठेवलं की आठवड्याभरात सगळं पाठ होतं तिला. हात लावायच्या आधी नावाने बोलायचं, झोपेत तर नक्कीच, नाहीतर दचकून चावू शकते. बाथरूमच्या उंबऱ्यापुढे एक खरखरीत पायपुसणं, पायाला लागलं की थांबते. एवढंच.

तुमचे अनुभव लिहा. मांजरं, पक्षी, डिस्टेंपर (कुत्र्यांचा एक व्हायरसचा आजार), फिट्स, तीन पायांचे, सगळं.

मांजरवेडी_ठाणे

भांडुपकरीण ताई, किती दिवसांनी कोणीतरी हे नीट लिहिलंय. दुसरा माणूस हा मुद्दा तर शंभर टक्के.

माझी मांजर चकली डगमगत चालते. लोकांना वाटतं हिला पॅरालिसिस किंवा फिट येतेय. तर तसं नाहीये, ह्याला सेरेबेलर हायपोप्लासिया म्हणतात, मांजर पोटुशी असताना तिला पॅनल्युकोपेनियाचं (मांजरांचा एक व्हायरसचा आजार) इन्फेक्शन झालं तर पिल्लांच्या लहान मेंदूची वाढ नीट होत नाही. जन्मापासून असतं, दुखत नाही आणि वाढतही नाही. हा शेवटचा भाग फार महत्त्वाचा आहे कारण कितीतरी पिल्लं "हिची तब्येत बिघडत जाणार" या समजुतीने झोपवली जातात, म्हणजे इंजेक्शन देऊन मरण दिलं जातं. त्या उलट थोडी मोठी झाली की आपल्या डगमगीशी जुळवून घेतात. चकली खाताना मान हलते, जितकं तोंड वाटीजवळ नेते तितकी जास्त हलते. त्यामुळे वाटी जड आणि पसरट, थोडी उंचावर. टाइल्सवर पाय सरकतात म्हणून घरभर चटया आणि योगा मॅटचे तुकडे. लिटर ट्रे उंच कडेचा, एका बाजूने कापून आत जायला सखल केलेला, कडेला टेकून शी करते ती. बाल्कनी आणि सगळ्या खिडक्यांना जाळी, आणि ही गोष्ट ऐच्छिक नाही, आम्ही नवव्या मजल्यावर आहोत.

एक सावधगिरी. पॅनल्युकोपेनियाचा व्हायरस अतिशय चिवट असतो, घरात महिनोन् महिने, वर्षभरसुद्धा टिकू शकतो. ज्या घरात मांजर या आजाराने गेलंय तिथे लस न झालेलं नवीन पिल्लू लगेच आणू नका. साध्या फिनाईलने तो मरत नाही, पातळ केलेलं ब्लीच लागतं. आणि फिनाईल तसंही मांजराच्या घरात नकोच, त्यांना विषारी असतं.

चाळकरी_लालबाग

बरं झालं धागा निघाला. मला आत्ताच हवा होता.

आमच्या चाळीच्या तोंडाशी एक काळी कुत्री राहते, पोरं तिला राणी म्हणतात. गेल्या आठवड्यात रात्री बाईकने धडक दिली, तेव्हापासून मागचे दोन्ही पाय ओढत चालते. परळला नेली, एक्सरे काढला, मणक्याला मार आहे म्हणाले, औषधं चालू आहेत, थांबून बघू म्हणाले. सध्या जिन्याखाली पोत्यावर ठेवलीय. मी एकटा राहतो, दहा बाय बाराची खोली, तिसरा मजला, लिफ्ट नाही. बँकेत नोकरी, साडेनऊ ते साडेसहा. मला ठेवायचीय तिला. पण वरचं वाचून पोटात गोळा आला. दुपारी दोन वाजता घरी कोणीच नसतं.

भांडुपकरीण

चाळकरी, आधी हे सांगा की शू कशी होतेय तिची? आपोआप करते का, गळते का, की काहीच नाही? आणि परळला कुठे नेलंत, बैलघोड्यात?

चाळकरी_लालबाग

हो ताई, बैलघोडा हॉस्पिटलच. शू अंगाखाली ओली दिसते. म्हणून मी समजत होतो की करतेय.

गुरांचा_डॉक्टर

मी पशुवैद्य आहे, मुंबईबाहेर प्रॅक्टिस करतो, त्यामुळे तपासल्याशिवाय औषध सांगणार नाही. पण चाळकरींसाठी काही गोष्टी.

अंगाखाली ओलं असणं पुरेसं नाही, वर ताईंनी लिहिलंय ते अगदी बरोबर आहे. उद्याच्या उद्या दाखवा आणि पिशवी भरलेली आहे का ते हाताने बघायला सांगा, त्याच वेळी शिकूनही घ्या.

दुसरं, डॉक्टरांना विचारा की डीप पेन, म्हणजे पायात खोलवरच्या वेदनेची जाणीव, आहे का. घरी लोक काय करतात, पायाचं बोट चिमटतात, पाय मागे ओढला की आनंदाने सांगतात संवेदना आहे. पाय मागे ओढणं हे फक्त कण्यातल्या खालच्या भागाचं रिफ्लेक्स असू शकतं, मेंदूपर्यंत काही पोचलेलं नसतं. चिमटल्यावर तिने मान वळवून बघितलं पाहिजे, कण्हली पाहिजे, चावायला आली पाहिजे. ते असेल तर चालण्याची आशा चांगली असते, आणि सुधारणा काही आठवड्यांत, कधी महिन्यांत दिसते. ते नसेल तर आशा बरीच कमी होते, पण नसूनही काही कुत्री कालांतराने एक प्रकारचं वेडंवाकडं चालणं शिकतात.

पहिले काही आठवडे हालचाल कमीत कमी. मणका अस्थिर असेल तर व्यायाम, मालिश, चाकांची गाडी काहीही डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय नको. उचलताना काखेत हात घालून लोंबकळत उचलू नका. फळी, नाहीतर घट्ट ताणलेली चादर, दोन माणसांनी.

आणि सगळ्यांसाठीच, माणसांच्या गोळ्या देऊ नका. क्रोसिनमधलं पॅरासिटामॉल मांजराचा जीव घेतं, एक गोळीसुद्धा पुरते. ब्रुफेन, कॉम्बिफ्लाम कुत्र्याच्या पोटात अल्सर करतं, किडनी घालवतं. दर पावसाळ्यात अशा केसेस येतात आणि आणणारी माणसं चांगलीच असतात, दुखतंय बघवत नाही म्हणून दिलेली असते गोळी.

निवांत_नालासोपारा

डॉक्टर, रस्त्यावरचा प्राणी उचलताना रेबीजचं काय ते पण लिहा ना. आमच्या इथे लोक लुळं कुत्रं दिसलं की थेट तोंडात हात घालून पाणी पाजतात.

गुरांचा_डॉक्टर

लिहायलाच हवं. रेबीज म्हणजे फक्त पिसाळून धावणारं कुत्रं नाही. एक प्रकार असा असतो की ते सुस्त होतं, जबडा लोंबतो, लाळ गळते, गिळता येत नाही, पाय लुळे पडत जातात. अपघात कोणी बघितलेला नाही, अंगावर जखम नाही आणि कुत्रं लुळं पडलंय अशा वेळी तोंडाजवळ उघडा हात नेऊ नका, हातमोजे घाला, आणि काही अडकलंय का बघायला घशात तर अजिबात बोटं घालू नका. चावलं, ओरखडलं किंवा जखमेवर लाळ लागली तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी लस सुरू करायची. लक्षणं सुरू झाल्यावर माणूसही वाचत नाही, त्यामुळे यात वाट बघायला जागा नाही. जे नियमित रेस्क्यू करतात, फीडिंग करतात त्यांनी आधीच प्रतिबंधक डोस घेऊन ठेवावेत. तरी नंतर चावलं तर डॉक्टरांकडे जायचंच, तेव्हा कमी डोस लागतात.

फिट्सवाली_आई

आमचा कुत्रा गोट्या डिस्टेंपरमधून वाचलेला. वाचला पण डाव्या पायाला आणि जबड्याला सारखे झटके, झोपेतसुद्धा थांबत नाहीत, आणि अधूनमधून फिट. पहिल्या फिटला मी किंचाळले होते, घरातले सगळे त्याच्या तोंडात चमचा घालायला धावले. नाही घालायचा. जीभ गिळत नाहीत ते. तोंडाजवळ हात न्यायचा नाही, डोक्याजवळच्या टोकदार वस्तू बाजूला करायच्या, लाइट आणि टीव्ही बंद, पंखा चालू, आणि घड्याळ बघायचं. पाच मिनिटांच्या वर गेली किंवा एकामागून एक यायला लागल्या तर ती इमर्जन्सी, रात्री दोन वाजले असले तरी निघायचं. शक्य असेल तर कोणीतरी व्हिडिओ काढा, डॉक्टरला शब्दांपेक्षा त्यातून जास्त कळतं.

गोळी चालू आहे फेनोबार्बिटोनची. ती कधीही अचानक बंद करायची नाही, एक पत्ता संपत आला की दुसरा घरात हवा, कारण अचानक बंद केली की जोरदार फिट येऊ शकते. आणि अधूनमधून लिव्हरची रक्ततपासणी. मी फ्रिजवर चार्ट लावलाय, सकाळ-रात्र, ज्याने दिली त्याने टिक करायची, म्हणजे दोनदा दिली जात नाही किंवा राहतही नाही. तुमचा दुसऱ्या माणसाचा मुद्दा इथेही लागू आहे ताई, फक्त इथे दुसऱ्याला काय दिलं गेलंय ते लिहिलेलं दिसायला हवं.

दिवाळीत फटाक्यांचे चार दिवस आणि गणपतीत ढोल-ताशाची मिरवणूक घराखालून जाते तो दिवस, आधीच डॉक्टरशी बोलून ठेवते. आतल्या खोलीत, खिडक्या बंद, गोधड्या टांगून, मी त्याच्या शेजारी.

आणि लस द्या हो. डिस्टेंपरवर रामबाण औषध नाही, लस आहे. पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचं झालं की सुरू करायची आणि सोळा आठवड्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी. एकच डोस देऊन "झाली लस" असं सोडून देतात लोक, त्याने भागत नाही.

स्पष्टवक्ता_पार्ले

मी थोडं वेगळं बोलतो, कृपया वाईट वाटून घेऊ नका, कोणालाच दुखवायचं नाहीये. मला कुत्री आवडतात, लहानपणापासून घरी होती. पण लुळं कुत्रं, दिवसातून चार वेळा दाबून शू काढायची, डायपर, जखमा, हे खरंच त्याच्यासाठी चाललंय की आपल्याला सोडवत नाही म्हणून? कुत्र्याने धावायचं असतं. शांतपणे झोपवणं हीसुद्धा दयाच नाही का? आणि त्याच पैशात किती कुत्र्यांची नसबंदी, किती लसी होतील याचाही विचार व्हावा.

भांडुपकरीण

अजिबात वाईट वाटलं नाही, हा प्रश्न मलाही विचारला पाहिजे आणि मी विचारते. मी झोपवण्याच्या विरोधात नाही. असह्य दुखतंय आणि औषधाने थांबत नाही, खाणं सोडलंय, सतत इन्फेक्शन, जखमा भरतच नाहीत, माणूस आला तरी मान उचलत नाही, अशा प्राण्याला ओढत ठेवणं मला क्रूर वाटतं आणि मी तेव्हा डॉक्टरांना स्वतःहून विचारेन.

पण लुळेपणा म्हणजे दुखणं नाही हो. बंड्याला कमरेखाली काही जाणवतच नाही. तो सकाळी दूधवाल्याच्या आवाजाला दरवाजात पोचतो, पुढच्या दोन पायांवर, सगळ्यांच्या आधी. डब्याचं झाकण वाजलं की स्वयंपाकघरात. सुंदरीशी गादीवरून भांडतो. आपण त्याच्याकडे बघून जे दुःख करतो त्यातलं पुष्कळसं आपलं असतं. तो आपल्या आधीच्या आयुष्याशी तुलना करत बसला आहे असं मला त्याच्या वागण्यात कधी दिसलं नाही.

आणि पैशाचं म्हणाल तर नसबंदी आणि लसीकरण वाढलंच पाहिजे, मी आमच्या गल्लीत तेही करते. दोन्ही कामं एकाच माणसाच्या हातून होतात बहुतेक वेळा. ज्याच्या घरी बंड्या असतो तोच रविवारी गल्लीतल्या कुत्र्यांना लस द्यायला उभा असतो.

मांजरवेडी_ठाणे

+१ भांडुपकरीण. आणि स्पष्टवक्तांचा प्रश्न असाच विचारला गेला पाहिजे, निर्णय घ्यायच्या आधी, डॉक्टरसोबत बसून. खातेय का, दुखतंय का, स्वच्छ राहतेय का, कशात तरी रस आहे का, चांगले दिवस जास्त की वाईट. आम्ही कॅलेंडरवर रोज खूण करतो आमच्या कॅन्सरवाल्या बोक्यासाठी. मनाला वाटतं त्यापेक्षा ते कॅलेंडर जास्त खरं बोलतं.

दोनचाकी_ऐरोली

व्हीलचेअरबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, मी घरी पीव्हीसी पाइपच्या बनवतो, हौस म्हणून.

मापं तीन मुख्य. जमिनीपासून मांडीच्या सांध्यापर्यंत उंची, कुल्ल्याची रुंदी, आणि खांद्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत पाठीची लांबी. माप घेताना कुत्रं कोणीतरी नीट उभं धरायला हवं, पाठ जमिनीला समांतर. गाडीत मागचा भाग उंच झाला तर सगळं वजन पुढच्या खांद्यांवर येतं, आणि तेच दोन पाय उरलेत त्याला, ते जपायचे. पीव्हीसी हलकी आणि स्वस्त पण मोठ्या वजनाला वाकते, वीस किलोच्या वर मी ॲल्युमिनियमचीच सांगतो. चाकं मोठी घ्या. आपल्याकडचे पेव्हर ब्लॉक आणि गटारांची झाकणं, छोटं चाक अडकलं की कुत्रं तोंडावर पडतं.

सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटं, खाऊ देत देत. गाडीत त्याला बसता किंवा झोपता येत नाही हे लोक विसरतात, त्यामुळे गाडीत घालून एकटं सोडून जायचं नाही. उतरवल्यावर पट्टे घासतात तिथली कातडी बघायची. पाय घासत असतील तर रिकाबीत अडकवायचे, मोजे घालायचे. आणि ज्याला पायात संवेदना नाही ते कुत्रं कधीकधी स्वतःचाच पाय चावत बसतं, रक्त येईपर्यंत. तसं दिसलं तर गळ्यात पायापर्यंत तोंड पोचू न देणारी मोठी कॉलर आणि लगेच डॉक्टर.

जिन्यासाठी जुनी ओढणी पोटाखालून घालून दोन्ही टोकं वर धरायची, स्लिंग तयार. चाळकरी, तिसऱ्या मजल्याला हे नाही चालणार पण, तिथे तिला उचलूनच न्यावं लागेल. किती किलोची आहे?

चाळकरी_लालबाग

पंधरा-सोळा असेल.

आज परत नेली होती. पिशवी भरलेलीच होती, डॉक्टरांनी काढून दाखवली, मलाही करायला लावली, दुसऱ्या खेपेला जमली. डीप पेन विचारलं. उजव्या पायाला आहे म्हणाले, चिमटल्यावर वळून माझ्या हाताकडे बघितलं तिने. डाव्याला नक्की नाही सांगता येत अजून.

गुरांचा_डॉक्टर

उजव्याला आहे ही खूप चांगली बातमी. पिंजरा किंवा छोटी जागा, विश्रांती, आणि शू. सध्या या तीनच गोष्टी.

घारवाले_काका

जरा विषयाला सोडून विचारतो. आमच्या बोरिवलीच्या गच्चीत मांज्याने पंख कापलेली घार पडलीये. नातू म्हणतो पाळूया. पंख तुटलाय तर ती जगणार कशी बाहेर, आपण घरी ठेवली तर चालेल का?

मांजरवेडी_ठाणे

काका, घार वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येते, १९७२ चा, घरी ठेवता येत नाही. पोपटालाही तोच कायदा, लोकांना माहीत नसतं. आत्ता एवढंच करा की जाड टॉवेल टाकून उचला, नखं सांभाळा, भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवा. चोचीत पाणी ओतू नका, काही भरवू नका. वनविभागाची हेल्पलाइन १९२६, तिथे फोन करा, ते नेतील किंवा कुठे आणायची ते सांगतील. उडता येणार नसेल तर पुढे काय ते ठरवायला त्यांच्याकडे माणसं असतात. नातवाला बरोबर घेऊन जा मात्र, त्याने हट्ट केला ते चांगल्या मनाने.

लिफ्टमधली_शेजारीण

आमच्या सोसायटीत माझ्या तीन पायांच्या कुत्र्याला लिफ्ट बंद केलीये. नोटीस लावलीये, पाळीव प्राण्यांनी जिना वापरावा. सातवा मजला आहे! तीन पायांवर सात मजले चढून पुढच्या पायाच्या सांध्यांची वाट लागतेय.

निवांत_नालासोपारा

ताई, ॲनिमल वेल्फेअर बोर्डाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना आहेत, त्यात स्पष्ट आहे की सोसायटीला पाळीव प्राण्यांना लिफ्ट नाकारता येत नाही. प्रिंट काढून सेक्रेटरीला लेखी अर्ज द्या, पोच घ्या, सोबत व्हेटचं सर्टिफिकेट जोडा की जिना चढणं धोक्याचं आहे. भांडण करत जाऊ नका, कागद घेऊन जा. आमच्याकडे कागद बघून दोन दिवसांत नोटीस उतरली. आणि तुमच्या बाजूने लिफ्ट स्वच्छ ठेवा, एक फडकं खिशात असू द्या.

तीन पायांच्या कुत्र्याचं वजन मात्र वाढू देऊ नका, प्रत्येक किलो उरलेल्या पायांवर येतो.

फिट्सवाली_आई

दवाखान्यांबद्दल कोणी नवीन वाचत असेल तर, परळच्या बैलघोड्याच्या आवारातच व्हेटर्नरी कॉलेज आहे, १८८६ पासूनचं. महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं स्मॉल ॲनिमल हॉस्पिटल २०२४ मध्ये सुरू झालंय. कुठेही जा, निघायच्या आधी फोन करून त्या दिवशी कोणते डॉक्टर आहेत ते विचारा आणि सगळे जुने रिपोर्ट एका फाइलमध्ये न्या. लुळं कुत्रं टॅक्सीत न्यायचं तर रबर शीट आणि जुनी चादर आधीच दाखवायची ड्रायव्हरला, मग बहुतेक जण नाही म्हणत नाहीत.

चाळकरी_लालबाग

अपडेट देतो. तळमजल्यावर एक मावशी आहेत, घरगुती डबे करतात, दिवसभर दार उघडं असतं त्यांचं. त्याच राणीला इतकी वर्षं पोळी घालायच्या. मी भीत भीत विचारलं, म्हटलं दुपारी एकदा शू काढावी लागेल, जमेल का. म्हणाल्या माझ्या सासूचं सहा वर्षं अंथरुणात केलं मी, मला काय विचारतोस, दाखव कसं ते. काल दवाखान्यात माझ्याबरोबर आल्या. त्यांच्या ओट्याशेजारच्या कोपऱ्यात राणीची जागा केलीये, रात्री मी वर नेतो. पोरांनी पुठ्ठ्याची पाटी लावलीये, "राणीला उचलू नका, डॉक्टरांनी सांगितलंय".

फक्त एक अडचण आहे. मावशींचे हात छोटे आहेत, दोन्ही बाजूंनी पंजे पोचत नाहीत, त्यांना पिशवी नीट सापडत नाहीये.

भांडुपकरीण

चाळकरी, किती बरं वाटलं वाचून! मावशींना माझा नमस्कार सांगा.

माझ्या सासूबाईंचेही हात लहानच आहेत. त्या उभं न धरता उजव्या कुशीवर झोपवतात, एक हात खालून पोटाखाली सरकवतात, दुसरा वरून ठेवतात, आणि दोन्ही तळव्यांच्या मध्ये पिशवी येईपर्यंत हळूहळू पुढे-मागे चाचपतात. आधी दोन-तीन मिनिटं पोटावर नुसता हात ठेवायचा, पोट कडक केलेलं असेल तर सापडत नाही, ती सैल पडली की सापडते. खाली ट्रे किंवा जुनं वर्तमानपत्र, म्हणजे किती आली तेही कळतं. पहिले काही दिवस मावशींच्या नंतर संध्याकाळी तुम्ही परत काढून बघा, फार निघाली तर दुपारी पूर्ण होत नाहीये, मग परत डॉक्टरकडे एक चक्कर.

मावशींना चालणार असेल तर या रविवारी सकाळी मी आणि सासूबाई लालबागला येतो, त्या समोर करून दाखवतील. वेळ कळवा, संपर्कातून मेल करा.

दोनचाकी_ऐरोली

ताई, मीही येतो रविवारी. गाडीची घाई नाही, डॉक्टर हो म्हणेपर्यंत बनवणार नाही, पण पिंजऱ्याची खालची चौकट करून आणतो, ओट्याशेजारची जागा किती बाय किती आहे तेवढं लिहा.

चाळकरी_लालबाग

अडीच फूट बाय साडेतीन. एका बाजूला पाण्याचा नळ आहे, ती बाजू बंद हवी. रविवारी दहा वाजता चालेल सगळ्यांना? मावशी म्हणतायत जेवूनच जायचं.